डब्याच्या ॲपआधी ग्राहकांशी बोलायचं ठरवलं तेव्हा

कोथरूडमध्ये आमचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. ॲप करण्याआधी ग्राहकांशी नीट बोलावं, म्हणून एका छोट्या संस्थेकडून त्या अभ्यासाचा आराखडा करून घेतला.

मी 40 प्रश्न लिहून नेले होते. तिथल्या ताईंनी वही मिटली आणि विचारलं, "उत्तरं मिळाल्यावर तुम्ही नक्की काय ठरवणार?" तासभर आम्ही त्यावरच बोललो. सगळे पैसे त्या एका तासात वसूल झाले! 'ॲप वापराल का?' हा प्रश्न गेला, कारण त्याला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. त्याजागी आला, 'मागच्या वेळी डबा बंद ठेवायचा होता तेव्हा काय केलंत?'

वेबसाइट-ॲप वापरायला सोपं आहे का, याचे अभ्यासक याकोब नील्सन यांचं 2000 सालचं सूत्र आहे, की पाच जणांकडून वापरून पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात. ते वापरातल्या अडचणी शोधायला आहे, किती जण ॲप घेतील हे मोजायला नाही, हेही ताईंनी स्पष्ट सांगितलं. विद्यार्थ्यांच्या आणि ज्येष्ठांच्या अडचणी वेगळ्या, म्हणून विद्यार्थी पाच आणि ज्येष्ठ पाच, असे वेगळे गट केले.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकली. बोलण्याआधी ग्राहकांनी सही करायचं संमतीपत्र फक्त इंग्रजीत होतं. सत्तरीतल्या आजोबांची न समजलेल्या कागदावर सही कशी घ्यायची? मराठी प्रत मागितल्यावर चार दिवसांनी मिळाली. तुम्ही गेलात तर ती पहिल्याच भेटीत मागा.