टी-बार टॅग : आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात तळ्यात जाळे ओढले, तेव्हा एका सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या पाठीवर टी-बार टॅग (गनच्या सुईने टोचून बसवायची, क्रमांक छापलेली बारीक प्लास्टिकची नळी; तिच्या आतल्या टोकाला T सारखा आडवा दांडा असतो) नव्हता. मात्र पृष्ठपराच्या (पाठीवरच्या पराच्या) मुळाशी सुई टोचल्याचा, भरत आलेला व्रण स्पष्ट दिसत होता. आठ महिन्यांपूर्वी मीच टॅग लावलेला तो मासा, आणि त्याचा क्रमांक आता कायमचा गेला.

सुरुवातीला माझा राग टॅगच्या दर्जावर होता. नळीवर शेवाळ चढते ही तक्रार किरकोळ आहे, अंगठ्याने पुसले की अंक वाचता येतात. टॅग गळणे मात्र सहन होत नाही, कारण टॅग गळालेला मासा मोजणीत बिनखुणेचा ठरतो, पकडलेल्या माशांत टॅगवाल्यांचे प्रमाण कमी दिसते आणि त्या प्रमाणावरून काढलेला तळ्यातल्या माशांच्या संख्येचा अंदाज खऱ्यापेक्षा फुगतो.

मत बदलले ते टॅग असलेला एक मेलेला मासा चिरून पाहिल्यावर. टॅगचा आडवा दांडा पृष्ठपराला आतून आधार देणाऱ्या काट्यांच्या पलीकडे जाऊन अडकायला हवा. तो नुसत्या मांसात राहिला, तर पोहताना नळी सतत हलते, जखम रुंदावते आणि दांडा हळूहळू बाहेर ढकलला जातो. या माशात तो मांसातच होता. पैसे वाचावेत म्हणून मी दिवसभर एकच सुई वापरली होती. ती बोथट होत गेली आणि टोचणी उथळ होत गेली. आता मी आधी एक खवला काढतो, सुई डोक्याच्या दिशेने तिरपी धरून काट्यांमधून पलीकडे गेल्याचे हाताला जाणवेपर्यंत दाबतो, ट्रिगर ओढल्यावर गन पाव वळण फिरवून बाहेर घेतो आणि टॅग हलकेच ओढून पाहतो.

पुढच्या वेळी प्रत्येक माशाला दोन टॅग लावणार आहे. समजा, पुन्हा सापडलेल्या १० माशांपैकी ८ माशांवर दोन्ही आणि २ माशांवर एकच टॅग दिसला, तर दिसलेल्या १८ टॅगांपैकी १६ टॅगांचा जोडीदार जागेवर आहे, म्हणजे एक टॅग टिकण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के. पण हे गणित एक टॅग गळण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही असे गृहीत धरते. दोन्ही टॅग एकाच बोथट सुईने लावले असतील, तर ते दोन्ही जाण्याचा संभव वाढतो, आणि व्रण बारकाईने पाहिला नाही तर असा मासा हिशेबात कधीच येत नाही. म्हणून दुप्पट टॅग घेण्याआधी सुयाच जास्त मागवल्या आहेत.