फ्लेक्सच्या दुकानात पाच दीर्घिका

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेला जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं टिपलेलं ‘स्टीफन्स क्विंटेट’चं, म्हणजे एकत्र दिसणाऱ्या पाच दीर्घिकांचं, चित्र भिंतभर हवं होतं. बेळगावात खडेबाजाराजवळच्या बोळातलं एक दुकान गाठलं. कॉम्प्युटरवरच्या पोरानं वाढदिवसाचा बॅनर बाजूला सारून फाईल उघडली. “सर, मधी हे तांबडं काय पसरलंय ओ? काढून टाकू काय?”

त्या तांबड्यासाठीच तर सगळा खटाटोप! एनजीसी 7318बी ही दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं बाकीच्यांच्या घोळक्यात घुसलीय. मधल्या वायूवर ती आदळल्यानं उठलेली धक्कालाट आपल्या आकाशगंगेहून मोठी आहे. एवढ्या दणक्यात हायड्रोजनचे रेणू फुटून जायला हवेत. पण स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत तेच रेणू 17 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात, जोरात चमकताना सापडले. 2006 साली ते प्रसिद्ध झालं. धक्क्याची ऊर्जा खळबळीतून लहान, दाट ढगांत उतरते, तिथं मार सौम्य बसतो, म्हणून रेणू टिकतात आणि तापून अवरक्तात उजळतात. साध्या प्रकाशातल्या फोटोत हे येत नाही. वेबचं जुलै 2022 मधलं चित्र जवळपास हजार फायली जोडून केलंय. त्यात हा भाग लाल-सोनेरी दाखवलाय.

पहिली प्रिंट फ्लेक्सवर काढली आणि वाया गेली. पोरानं सवयीनं ब्राइटनेस चढवला, काळं आकाश राखाडी झालं आणि त्या तांबड्यातल्या बारीक धाग्यांचा कुंकू फासल्यासारखा एकच फराटा उरला. मालक म्हणाले, “लांबनं बघायचं असतंय की सर!” बॅनर लांबनं बघत असतील, आमची पोरं नाक टेकवून बघतात. पण त्या प्रिंटचे पैसे मालकांनी मागितले नाहीत, हे सांगायलाच हवं.

मग मॅट फोटोपेपरवर, रंगाला हात न लावता काढून घेतली. महाग पडली, पण सुरेख आलीय. धागे सुटे दिसतात, त्यांतल्या ताऱ्यांच्या गाठीही. डावीकडची पाचवी दीर्घिका, एनजीसी 7320, दाणेदार उमटलीय, कारण ती या घोळक्यातली नाहीच: बाकीच्या चौघी सुमारे 29 कोटी प्रकाशवर्षांवर, ही फक्त 4 कोटींवर, म्हणून तिचे तारे सुटे दिसतात.

दुकानाला पाचपैकी साडेतीन तारे. लॅमिनेशन तिथं करू नका, कडेला बुडबुडे राहतात. आणि संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही.