हफमन की अरिथमेटिक: गोदाघाटाचा फोटो कशाने आवळायचा?

रामकुंडावर पहाटे काढलेला फोटो घ्या. निम्मं चित्र धुक्याच्या करड्या छटेचं, पाव भाग पाणी, उरलेल्या पावात पायऱ्या आणि दिवे निम्मेनिम्मे. फाइल लहान करायची, तर चारही छटांना सरसकट दोन-दोन बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) दिले की जागा वाया जाते. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेली पद्धत धुक्याला ०, पाण्याला १०, पायऱ्यांना ११० आणि दिव्यांना १११ देते. सरासरी पडते १.७५ बिट. कुठलाच संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो, म्हणून मध्ये खूण न ठेवताही सगळं बिनचूक वाचता येतं. मला हे अजूनही फार देखणं वाटतं.

अडचण येते धुकं दाट झालं की. ९० टक्के चित्र एकाच छटेचं असेल, तर ती छटा नोंदवायला खरं तर जेमतेम ०.१५ बिट पुरतात; पण हफमनचा संकेत एका बिटाखाली उतरूच शकत नाही. अरिथमेटिक पद्धत छटागणिक वेगळा संकेत देत बसत नाही. ० ते १ मधला पट्टा शक्यतेच्या प्रमाणात कापत जाते आणि शेवटी अख्ख्या चित्रासाठी एकच अपूर्णांक लिहिते. फाइल लहान होते, आकडेमोड मात्र वाढते.

फोटोंच्या फाइलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जेपेगच्या १९९२ च्या मानकात दोन्ही पद्धतींना जागा आहे. पेटंटांमुळे अरिथमेटिक मागे पडली. नेहमीचे ब्राउझर आजही तशी जेपेग उघडत नाहीत. जेपेग २००० या नंतरच्या प्रकारात मात्र अरिथमेटिकच आहे. पंचवटीतल्या मावशीला फोटो पाठवायचा तर मी हफमनवालीच जेपेग घेते. घरातल्या जुन्या सिंहस्थाच्या निगेटिव्हचे स्कॅन जपायचे असतील, तर जेपेग २०००.