व्हर्जिनिया बीचला गेल्यावर: फर्स्ट लँडिंग की फॉल्स केप?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं हे समुद्रकाठचं शहर. इथला बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यालगतची फिरायची वाट, झाला. तीन मैलांचं ते सिमेंट पहिल्याच संध्याकाळी पायाखालून गेलं, ३१व्या स्ट्रीटवरच्या नेपच्यूनच्या पुतळ्यापुढे सगळ्यांचे फोटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी हॉटेलांची रांग नजरेआड व्हावी असं वाटत असेल, तर दोन स्टेट पार्क, म्हणजे राज्य सरकारची राखीव उद्यानं, आहेत. दोन्ही याच शहराच्या हद्दीत, दोन्हीकडे पाणी, वाळू आणि झाडी. त्यामुळे लोक नाव बघून कुठलंही एक निवडतात आणि निम्मे पस्तावतात.

फर्स्ट लँडिंग उत्तरेला, केप हेन्री या भूशिराला लागून. १६०७च्या एप्रिलमध्ये, जेम्सटाउन ही अमेरिकेतली आपली पहिली कायमची वसाहत वसवायच्या आधी, इंग्रज पहिल्यांदा उतरले ते इथे. पार्क १९३६चं, आणि त्यातलं बरंचसं काम मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुणांच्या हातचं. गाडी लावली की दोन मिनिटांत जंगल. बाल्ड सायप्रस ट्रेलवर चहासारखं तपकिरी पाणी साचलेलं असतं, त्यात सायप्रसची झाडं उभी, आणि त्यांच्या मुळांचे खुंट गुडघ्यांसारखे वर आलेले. फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हेच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे ती. लाकडी पुलांवरून आजी-आजोबाही सावकाश चालतील. किनारा आहे तो चेसापीक उपसागराचा, त्यामुळे लाटा बेताच्या आणि लहान मुलांना बऱ्या. वाईट एवढंच, की हे राज्यातलं सर्वांत गर्दीचं स्टेट पार्क म्हणून ओळखलं जातं. उन्हाळ्यातल्या शनिवारी एकांत शोधत याल तर तो मिळणार नाही.

फॉल्स केप दक्षिणेला, आणि तिथली गंमत नावापासूनच. समुद्रातून ही जागा केप हेन्रीसारखी दिसायची, जहाजं फसून आत वळायची आणि उथळ वाळूत रुतायची. म्हणजे एक पार्क खऱ्या भूशिराशेजारी, दुसरं खोट्यावर! एका बाजूला अटलांटिक, दुसरीकडे बॅक बे ही खाडी, मधे जेमतेम मैलभर रुंदीची पट्टी. जवळपास सहा मैल किनारा आणि त्यावर एकही इमारत नाही. पार्काची दक्षिण हद्द म्हणजेच नॉर्थ कॅरोलायनाची सीमा.

पण गाडी तिथवर जात नाही. सँडब्रिजच्या पुढे बॅक बे अभयारण्यात गाडी लावायची आणि तिथून साधारण पाच मैल पायी किंवा सायकलने. होडीनेही जाता येतं. हंगामात ट्रॅम असते, तिच्या वेळा आधी बघून ठेवा. परतीचे पाच मैल धरा, आत फिराल ते वेगळं. आम्ही सायकलने गेलो तेव्हा जाताना वारा पाठीशी होता, मजेत पोचलो. येताना तोच वारा तोंडावर, डोळ्यांत वाळू, आणि शेवटचे दोन मैल सायकल हातात धरून चालत काढले. किनाऱ्यावरून जायचं तर ओहोटीची वेळ गाठा. ओली वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूत चाक जागचं हलत नाही.

एवढे कष्ट कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर म्हणजे वॉश वूड्स. जहाज फुटून वाचलेल्यांनी वसवलं असं सांगतात ते गाव. चर्च बांधलं तेही फुटलेल्या जहाजातून वाहून आलेल्या सायप्रसच्या लाकडाचं. आता झाडीत कबरी उरल्यात. पाइनच्या सुया बाजूला केल्या की दगडावरची अक्षरं वाचता येतात, आणि मागे वाळूच्या टेकाडापलीकडून समुद्राची गाज सतत येत असते. त्या दिवशी तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मुक्काम करायचा असेल तर फरक आणखी मोठा. फर्स्ट लँडिंगला वीज असलेल्या जागा आणि केबिन आहेत. फॉल्स केपला तंबू पाठीवरून न्यायचा, शेकोटी पेटवायची नाही, आणि रात्रभर गाडी अभयारण्यात ठेवता येत नाही. ती अलीकडच्या लिटल आयलंड पार्कात लावावी लागते, म्हणजे चाल आणखी वाढली. समुद्रावर लाइफगार्ड नाहीत. डास आणि गोचिड्या भरपूर, कॉटनमाउथ हा विषारी सापही आहे. पाणी भरपूर न्या, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.

ऋतूही बघावा लागतो. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च स्थलांतरित पक्ष्यांसाठी अभयारण्यातल्या आतल्या वाटा बंद, मग पायी जाणाऱ्याला किनाराच उरतो. एप्रिल ते सप्टेंबर अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही.

तेव्हा सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील, किंवा हातात अर्धाच दिवस असेल, तर फर्स्ट लँडिंग, तेही आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी. दहा-बारा मैलांची तयारी असेल तर डोळे मिटून फॉल्स केप, एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर. जुलैच्या दुपारी तिथे जाऊ नका, सावली फार थोडी.

घरात दोन मतं पडली तर तिसरा मार्ग म्हणजे नुसतं बॅक बे अभयारण्य. लाकडी वाटांवरून पाणपक्षी बघायचे, टेकाडं ओलांडून किनाऱ्यावर चालायचं, जेवायला परत. फक्त टॉवेल हॉटेलातच ठेवा, कारण अभयारण्याच्या किनाऱ्यावर पोहायला आणि ऊन खात पडायला मनाई आहे.