तंबोरा डावीकडे का सरकत होता : छोट्या हेडफोन अ‍ॅम्पसोबत अकरा महिने

गेल्या महिन्यात रात्री अ‍ॅम्प (हेडफोनला जादा ताकद देणारी छोटी डबी) चार्जरवरून काढला आणि टेबलावर ठेवला, तर तो डुलायला लागला. उलटा करून पाहिला. मागचा पत्रा मधोमध वर आला होता, कारण आतली बॅटरी फुगली होती. तेव्हा घेऊन दहा महिने झाले होते, वॉरंटी बारा महिन्यांची आणि किंमत 7,200 रुपये. ‘छोटा अ‍ॅम्प घेऊ का’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांच्यासाठी आता सगळंच सविस्तर लिहिते.

आधी मला तो का लागला ते सांगते. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला सेनहायझर एचडी 600 हेडफोन आहे, 300 ओहमचा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका जास्त, तितका पुरेशा आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागतो. घर दोन खोल्यांचं. घरातले सगळे झोपले की साडेदहानंतर माझं ऐकणं सुरू होतं. टेबलावर ठेवायच्या मोठ्या अ‍ॅम्पला जागा नाही, म्हणून खिशात मावणारा घेतला. त्यात डॅक, म्हणजे डिजिटल फायलीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, नाही. ते काम फोनच्या खाचेत लावायचं छोटं डोंगल करतं. फोनला डोंगल, डोंगलला अ‍ॅम्प, अ‍ॅम्पला हेडफोन अशी जोडणी. दिसायला बरा आहे. बॅटरी पंधरा तास चालते असं खोक्यावर छापलंय, मला दहा-अकरा तास मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिला आठवडा मी हरखून गेले होते. आवाज भरदार वाटला, तबल्याच्या डग्ग्याला वजन आल्यासारखं वाटलं. बहिणीला फोन करून ‘तूही घे’ असं सांगूनही टाकलं. तो सल्ला मी नंतर मागे घेतला.

कारण दुसऱ्या महिन्यात भावाने त्याचा मल्टिमीटर आणला. मिलिव्होल्टपर्यंत एसी मोजणारा होता, साध्या स्वस्त मीटरला ते जमत नाही. फोनवर 50 हर्ट्झचा सूर लावून मोजलं. नुसतं डोंगल पूर्ण आवाजावर 1 व्होल्ट देत होतं. अ‍ॅम्पचा नॉब फिरवून त्याचाही आवाज बरोबर 1 व्होल्टवर आणला. मग मुलाला प्लग बदलायला बसवलं आणि मी पाठ करून वीस वेळा ओळखायचा प्रयत्न केला. अकरा वेळा बरोबर आलं. नाणं उडवून बोललं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. पहिल्या आठवड्यात मला जे ‘भरदार’ वाटलं होतं, तो नुसता चढा आवाज होता. आवाज किंचित वाढला की कानाला ते ‘वाढलं’ असं न कळता ‘चांगलं झालं’ असं वाटतं. दुकानात ऐकून निर्णय घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

म्हणजे पैसे वाया गेले का? दोन महिने मी तसंच मानत होते. मग एका परिचितांकडून आकाशवाणीच्या जुन्या मैफलींच्या फायली मिळाल्या. आवाजाची पातळी फार खालची. विलंबित ख्यालाची आलापी नुसत्या डोंगलवर पूर्ण आवाज लावूनही कुजबुजल्यासारखी येई. तिथे अ‍ॅम्प उपयोगी पडला. हिशोब सरळ आहे : 300 ओहमला 1 व्होल्ट दिला तर जेमतेम 3.3 मिलिवॉट पोहोचतात. माझा अ‍ॅम्प 3 व्होल्ट देतो, म्हणजे 30 मिलिवॉट, सुमारे साडेनऊ डेसिबल जास्त. तेवढ्या फरकाने आलापीतला श्वास, मींड संपताना सुटणारा स्वर, मागचा तंबोरा सगळं पुढे आलं. आजकालची चित्रपटगीतं मुळातच चढ्या पातळीवर मुद्रित झालेली असतात, त्यांना या जादा ताकदीची गरजच पडत नाही.

आता मुख्य दोष सांगते. चार महिने मी याच्याशी झगडत होते.

माझं रात्रीचं ऐकणं हळू आवाजात असतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. ते मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे गाणं डोक्याच्या बरोबर मध्ये उभं राहायला हवं. ते डाव्या कानाकडे सरकलं होतं. आधी वाटलं हेडफोनची वायर खराब झाली. वायर बदलली. मग वाटलं माझाच उजवा कान मंदावला, आणि खरं सांगते, त्या विचाराने दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी हेडफोन उलटा घातला. गाणं उजवीकडे गेलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. कान ठीक होता.

दोष नॉबमध्ये होता. नॉबखाली डाव्या-उजव्या आवाजाचे दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून आवाज कमी-जास्त करणारे भाग) एकाच दांडीवर असतात. ते तंतोतंत सारखे नसतात आणि हा फरक सुरुवातीच्या टोकाला सर्वांत जास्त असतो. घड्याळाच्या आठच्या जागी नॉब असताना डावीकडे 40 मिलिव्होल्ट आणि उजवीकडे 29 मोजले, म्हणजे जवळजवळ 3 डेसिबलचा फरक. अकराच्या जागी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. कानात घालायच्या 32 ओहमच्या इअरफोनवर तर नॉब आठच्या पुढे नेताच येत नाही, आवाज सहन होत नाही. असे इअरफोन असणाऱ्यांना या वस्तूचा उपयोग नाही, उलट त्रासच होईल.

उपाय माझ्या समोरच होता. बाजूला गेनचं, म्हणजे अ‍ॅम्पने आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं, बटण असतं. ‘300 ओहम म्हणजे हाय गेन’ असं धरून मी ते कायम वर ठेवलं होतं. लो गेनवर आणलं आणि फोनचा आवाजही थोडा कमी केला, की तीच पातळी मिळवायला नॉब अकरापर्यंत न्यावा लागतो आणि गाणं मध्यभागी येतं. हाय गेन आता फक्त त्या आकाशवाणीच्या फायलींसाठी. माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ जरी असती तरी माझे चार महिने वाचले असते.

बॅटरीचं प्रकरण मात्र संतापजनक झालं. सर्व्हिस सेंटरवाल्याने पाहताक्षणी ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं. मी म्हटलं, ‘दादा, पत्रा आतून बाहेर आलाय. बाहेरून मार लागला असता तर आत गेला असता ना?’ मग म्हणे बॅटरीला वॉरंटी सहाच महिने. वॉरंटी कार्डावर तसं कुठेही छापलेलं नाही, ते त्याच्यासमोर वाचून दाखवलं. तीन फेऱ्या झाल्या, रिक्षाचे 240 रुपये गेले. शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल आणि फोटो जोडले. नऊ दिवसांनी बदलून देतो असा फोन आला. बिल जपून ठेवा, आणि फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावू नका. माझ्याकडूनही एक चूक झाली होती : तो रोज रात्रभर चार्जरवर असायचा. पूर्ण भरलेल्या लिथियम बॅटरीला उष्णतेत तसंच ठेवलं की ती लवकर खराब होते. आता भरली की लगेच काढते.

घ्यावा का? हेडफोन 250-300 ओहमचा असेल आणि डोंगलवर आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडत असेल, तरच. त्याआधी नऊशे रुपयांचं डोंगल घेऊन महिनाभर ऐका. मी उलट्या क्रमाने गेले. बहिणीचा हेडफोन 32 ओहमचा आहे. तिला डोंगलच आणून दिलं, ती खूश आहे.

नवा अ‍ॅम्प मंगळवारी आला. त्या रात्री आधी तेच मोनो ध्वनिमुद्रण लावलं, नॉब मुद्दाम आठवर ठेवून. या वेळी गाणं उजवीकडे झुकलं. नॉब हळूहळू पुढे नेला, साडेनऊच्या आसपास मोगूबाई मध्यभागी आल्या. तिथे नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि पूर्ण गाणं ऐकलं.