तंबू टाकायला पवना की भंडारदरा?

शनिवारी दुपारी दादरहून निघून रविवारी रात्री घरी, एवढीच सवड असेल तर पवना बरं. लोणावळ्याच्या पलीकडे धरणाचं पाणी, समोर तुंग-तिकोना किल्ले. शांततेचं मात्र विचारू नका. मागच्या खेपेला शेजारच्या तंबूतला स्पीकर रात्री दोनपर्यंत ठणाणत होता, आणि आमच्या तंबूची दोरी दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी पायात अडकत होती. आडवारी गेलात तर गोष्ट वेगळी.

भंडारदरा लांब. कसारा घाट चढून घोटीला वळायचं, म्हणजे पहाटेच निघायला हवं. पण प्रवरेवरच्या विल्सन धरणाचं पाणी थेट रतनवाडीपर्यंत पसरलंय आणि त्या टोकाला रात्री बेडकांखेरीज कुणी बोलत नाही. पावसाच्या तोंडावर काजवे येतात. अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. (तेव्हा शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, ते दिवस टाळाच.) हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, त्यामुळे वाटेल तिथे शेकोटी नाही. थंडीत तंबूच्या आतल्या बाजूलाही दव साचून पहाटे नाकावर टपकतं. झोपताना चेन बोटभर उघडी ठेवा. मी तरी भंडारदऱ्यालाच जातो, एक रजा टाकून.