एकाच क्रमांकाची दोन हेल्मेट

गेल्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी मी आणि माझा एकवीस वर्षांचा भाचा सायकलने सासवडला जाऊन परत येत होतो. बोपदेव घाटाचा माथा ओलांडून येवलेवाडीच्या बाजूला उतरताना एका वळणावर कडेची खडी वाहून डांबरावर आली होती. तिच्यावर त्याचे पुढचे चाक सरकले आणि तो उजव्या अंगावर पडला. वेग फार नव्हता. त्याच्या सायकलच्या मीटरवर त्या क्षणी ताशी २३ किलोमीटरची नोंद आहे. अशा पडण्यात कोपर आणि गुडघे सोलवटतात, ते सोलवटलेच. पण मी धावत त्याच्यापाशी पोहोचलो तेव्हा हेल्मेटचे दोन तुकडे झाले होते. एक तुकडा पट्ट्याला लोंबकळत होता आणि दुसरा चार-पाच फुटांवर रस्त्यात पडलेला होता. उजव्या कानशिलाच्या वर कातडी फाटून रक्त वाहत होते. चार टाके घालावे लागले, सीटी स्कॅन करावा लागला, आणि त्यात आत कुठे मार लागल्याचे दिसले नाही.

त्या दिवशी आम्ही दोघेही हेल्मेटचे आभारच मानत होतो. चांगले हेल्मेटसुद्धा आघातात फुटते, डोक्याचा मार ते स्वतःवर घेते आणि म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे हे फुटले म्हणजे त्याने आपले काम केले, अशीच माझी समजूत झाली. आपली फसवणूक झाली आहे हे कळायला आणखी सहा दिवस लागले.

ही दोन हेल्मेट मी जुलैमध्ये एकाच वेळी घेतली होती, एक माझ्यासाठी आणि एक भाच्यासाठी. हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची असे आमचे ठरले होते. साडेतेरा तासांत पूर्ण करायच्या या सफरीत हेल्मेट सक्तीचे असते आणि आमची जुनी हेल्मेट सहा-सात वर्षांची झाली होती. सायकलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप समूहात, माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाने, समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याचा दुवा पाठवला. एका नावाजलेल्या परदेशी कंपनीची, छापील किंमत १५,९९० रुपये असलेली हेल्मेट तो प्रत्येकी ५,२०० रुपयांना देत होता. वितरकाकडचा गेल्या हंगामातला शिल्लक माल आहे, रंग जुने झाले म्हणून स्वस्त काढला आहे, असे कारण त्याने सांगितले. सायकलच्या धंद्यात हंगाम बदलला की जुन्या रंगांवर खरोखरच सूट मिळते, त्यामुळे ते कारण मला पटले. त्याने किंमत हजार रुपये सांगितली असती तर मी सावध झालो असतो. ५,२०० हा आकडा शंका येऊ नये इतका मोठा होता आणि मोह व्हावा इतका लहान होता, हे आज मागे वळून पाहताना दिसते.

मी डोळे झाकून पैसे भरले असे मुळीच नाही. मी खोक्याचे फोटो मागवले, आतल्या लेबलचा फोटो मागवला, आणि त्याने हेल्मेट हातात फिरवून दाखवणारा व्हिडिओही पाठवला. पक्के बिल मिळेल का, असे विचारल्यावर ‘बिल पार्सलमध्येच येईल साहेब’ असे उत्तर आले. रात्री साडेनऊला त्याचा निरोप आला की दोनच नग राहिले आहेत आणि आजचे पार्सल अकराला निघते. मी ९,८०० रुपयांवर सौदा पक्का केला आणि यूपीआयने पैसे पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते. ते मी वाचले, क्षणभर थांबलो, आणि तरीही पुढे गेलो.

अपघातानंतरच्या शनिवारी मी माझे हेल्मेट घेऊन आमच्या नेहमीच्या सायकल दुकानात गेलो. भाच्यासाठी नवे घ्यायचे होते आणि तेच मॉडेल आहे का, एवढेच विचारायचे होते. दुकानातल्या मिस्त्रींनी माझे हेल्मेट हातात घेऊन उलटे केले, आत बोटे घालून पिवळा थर हलवून पाहिला आणि मला विचारले, ‘हे कुठून आणलंत?’

तो पिवळा थर म्हणजे मिप्स. स्टॉकहोममधले मेंदुशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि तिथल्या केटीएच या तंत्रविद्यापीठातले पीटर हालदिन यांच्या संशोधनातून ही रचना तयार झाली. माणूस सायकलवरून पडतो तेव्हा डोके सहसा सरळ न आपटता तिरके आपटते, त्याला गिरकी बसते आणि ती गिरकी मेंदूला घातक ठरते. म्हणून हेल्मेटच्या आत प्लास्टिकचा एक पातळ, गुळगुळीत थर लवचीक रबरी खुंट्यांवर बसवतात. आघात झाला की हा थर डोक्याबरोबर कोणत्याही दिशेला १० ते १५ मिलिमीटर सरकू शकतो आणि गिरकीचा काही जोर कमी होतो. दुकानातल्या अस्सल हेल्मेटचा थर मिस्त्रींनी माझ्या बोटांनी सरकवून दाखवला. तो सरकून आपोआप जागेवर आला. माझ्या हेल्मेटचा थर जागचा हलत नव्हता. त्याच आकाराचे, त्याच पिवळ्या रंगाचे प्लास्टिक कापून ते फोमला गोंदाने चिकटवलेले होते. वर छापलेली अक्षरे मात्र हुबेहूब होती. पाच महिने मी ते डोक्यावर घालून हिंडत होतो आणि एकदाही आत बोट घालून पाहिले नव्हते.

घरी येऊन मी भाच्याच्या हेल्मेटचे तुकडे जपून ठेवलेल्या पिशवीतून काढले. हेल्मेटच्या आत जो पांढरा किंवा काळा फोम असतो त्याला ईपीएस म्हणतात. थर्माकोलच्याच जातीचा, पण ठरावीक घनतेचा आणि नीट एकजीव झालेला. आघाताच्या जागी तो चिरडला जातो आणि त्या चिरडण्यातच धक्क्याचा जोर जिरतो. आमच्या तुकड्यात चिरडल्याची खूण जवळजवळ नव्हतीच. फोम न दबता सरळ दुभंगला होता, आणि दुभंगलेल्या पृष्ठभागावर अंगठा फिरवला की टेलिव्हिजनच्या खोक्यातल्या थर्माकोलसारखे मणी सुटून तळहातावर पडत होते. बाहेरचे प्लास्टिकचे कवच फोमबरोबर साच्यात एकत्र घडवलेले नव्हते, ते कडेने दुहेरी चिकटपट्टी लावून बसवलेले होते. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट घातलेले नकली डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर सोडतात आणि आतला धक्का २५० जी (म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या २५० पट) या मर्यादेच्या पुढे जाऊ देत नाहीत. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात उंची २ मीटर आणि मर्यादा ३०० जी अशी आहे. आमच्या हेल्मेटच्या लेबलवर ही दोन्ही नावे छापलेली होती.

मग मी दोन्ही हेल्मेटांची लेबले शेजारी शेजारी ठेवली. भाच्याचे मध्यम मापाचे होते आणि माझे मोठ्या मापाचे. दोन्हींवर वजन २७० ग्रॅमच लिहिलेले होते. दोन्हींवर उत्पादनाची तारीख एकच होती. आणि मागच्या बाजूला गादीखाली चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांकही, शेवटच्या अंकापर्यंत, एकच होता. अनुक्रमांक हा प्रत्येक नगाला वेगळा असतो, त्याला अर्थच तेवढा असतो. भाचा ते पाहून म्हणाला, ‘मामा, आपण एकच हेल्मेट दोनदा विकत घेतलं.’ मी त्या क्रमांकाचा फोटो कंपनीच्या अधिकृत वितरकाला ईमेलने पाठवला. असा क्रमांक या मॉडेलच्या नोंदींत नाही, असे उत्तर तिसऱ्या दिवशी आले.

पार्सलमधून आलेले बिलही त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट वाचले. त्यावर जीएसटी क्रमांक होता, आणि तो आहे एवढे बघूनच मी जुलैमध्ये बिल फाइलला लावले होते. हा क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. दिल्लीचे ०७ आणि महाराष्ट्राचे २७. विक्रेता स्वतःला दिल्लीचा म्हणवत होता, पार्सलही तिकडूनच आले होते, आणि बिलावरचा क्रमांक २७ ने सुरू होत होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घालून पाहिला तर तो एका कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला, ज्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नसावा. ही तपासणी फुकट आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात. पैसे भरण्याआधी मी बिलाचा नमुना मागितला असता, तर सौदा तिथेच मोडला असता.

खोक्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. परदेशातून आणून इथे विकलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव आणि पूर्ण पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. अस्सल मालाच्या खोक्यावर ही चिठ्ठी सहसा वेगळी चिकटवलेली असते आणि ती दिसायला अगदीच साधी असते. आमच्या खोक्यावर रंगीत छपाई उत्तम होती, पण ही साधी चिठ्ठी नव्हती. नक्कल करणाऱ्याने सगळे लक्ष दिसण्यावर खर्च केले होते आणि जिथे स्वतःचा पत्ता द्यावा लागतो ती जागा कोरी ठेवली होती.

सायकलच्या हेल्मेटबाबत आपल्याकडे गिऱ्हाईक अधिकच उघड्यावर असते. दुचाकी मोटारगाड्यांच्या हेल्मेटांना १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ नुसार आयएसआय चिन्हाची सक्ती झाली, पण सायकलचे हेल्मेट त्या आदेशात येत नाही. त्यामुळे दुकानदार किंवा विक्रेता दाखवतो त्या परदेशी मानकांच्या अक्षरांवरच आपल्याला भिस्त ठेवावी लागते, आणि अक्षरे छापायला फार खर्च येत नाही. जर्सी नकली निघाली तर दोन धुण्यांत रंग जातो, टायर हलक्या प्रतीचा निघाला तर महिन्याभरात चिरा पडतात. वापरताना वस्तू स्वतःच चुगली करते. नकली हेल्मेट मात्र रोज अस्सलसारखेच वागते. ते हलके असते, वारा खेळतो, पट्टा बसतो, फोटोत छान दिसते. त्याची परीक्षा एकदाच होते, आणि त्या वेळी आपले डोके त्याच्या आत असते. त्याच विक्रेत्याच्या पानावर गिर्यारोहणाचे कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) आणि हार्नेसही (कमरेला बांधायचे पट्टे) अशाच भावात होते, हे आठवले की आजही मला अस्वस्थ वाटते, कारण सह्याद्रीतल्या सुळक्यांवर महाविद्यालयीन मुले अशा सामानाच्या भरवशावर दोराला लटकतात. युरोपीय मानकाच्या कॅराबिनरवर सीई या अक्षरांपुढे तपासणी संस्थेचा चार अंकी क्रमांक कोरलेला असतो. तो नसेल तर त्या वस्तूला हातही लावू नये, आणि असला तरी बिल आणि वितरक तपासल्याशिवाय तिच्यावर जीव सोपवू नये.

तक्रारीचे सांगतो. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. ही व्यवस्था पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्यासाठी आहे, म्हणजे फसवणूक लक्षात येताच, शक्यतो त्याच तासात, फोन करायचा असतो. मी पाच महिन्यांनी केला. विक्रेत्याचा फोन बंद होता आणि त्याचे पान नाहीसे झाले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. नोंदणीकृत ई-कॉमर्स मंचावरून खरेदी केली असती तर २०२० च्या नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे भाग पडले असते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता आली असती. ज्याचे नाव आणि पत्ता दोन्ही खोटे, त्याच्यावर नोटीस कुठे बजावायची, हा प्रश्न माझ्यापुढे आहे तसाच आहे. ९,८०० रुपये मिळालेले नाहीत आणि मिळतील असे मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी फुटलेले हेल्मेट आणि माझे धड असलेले हेल्मेट, दोन्ही घेऊन आमच्या समूहाच्या चहाच्या थांब्यावर गेलो. फोटो पाठवून चालले नसते. सुटणारे मणी हातावर पडल्याशिवाय माणसाला पटत नाही. तिथे चौदा जण होते. प्रत्येकाने आपापले हेल्मेट काढून आतला थर सरकवून पाहिला, गादी उचलून चिठ्ठी वाचली. ज्यांनी मला दुवा पाठवला होता त्यांनीही त्याच विक्रेत्याकडून हेल्मेट घेतले होते, आणि त्यांच्या चिठ्ठीवरही तोच क्रमांक होता. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी आपल्याला मिळालेली चांगली गोष्ट इतरांना मिळावी म्हणूनच तो दुवा पाठवला होता. त्या दिवशी त्यांनी सायकल टेम्पोत टाकून घरी नेली.

भाच्यासाठी आणि माझ्यासाठी नवी हेल्मेट मी दुकानातूनच घेतली, प्रत्येकी ४,३०० रुपयांना, एका साध्या मॉडेलची. त्यांत मिप्स नाही. पण खोक्यावर आयातदाराचा पत्ता आहे, दोन्हींचे अनुक्रमांक वेगळे आहेत, आणि बिलावर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक आणि मॉडेल लिहिलेले आहे. जुने धड हेल्मेट मी पट्टे कापून, कवचावर आरपार करवत चालवून मगच कचऱ्यात टाकले, म्हणजे ते उचलून कोणी पुन्हा डोक्यावर घालणार नाही. फुटलेल्याचे तुकडे मात्र दुकानाच्या काउंटरवर ठेवायला दिले आहेत. हेल्मेट घ्यायला येणाऱ्याने मागितले तर मिस्त्री ते हातात देतात.